न्हाव्याच्या लग्नाचं शेवटचं रीळ

मूकपट शोधायचा नाद मला लागला तो काही कलेच्या प्रेमापोटी नाही. वडिलांना ऐकू येईनासं झालं म्हणून लागला. आधी उजवा कान गेला, मग वर्षभरात डावा. यंत्र आणलं तर म्हणाले, "यात कोणीतरी सारखं भांडी पाडतंय," आणि ते कपाटात ठेवून दिलं. टीव्हीसमोर बसायचे बंद झाले, मग आमच्यातही बसेनात. जव्हारच्या घरात खिडकीशी खुर्ची ओढायची आणि एकच पेपर दिवसभर वाचायचा. हसणं तर कधी थांबलं तेही कळलं नाही. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला म्हणून स्वतःचाही यायचा.

मी मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून आहे. तिथे नेटवर्क जरा बरं. दुपारच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचा, दुसऱ्या हातानं मोबाइलवर जुने विनोदी मूकपट उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी जीपमध्ये तिघांच्या जागेत पाचवा होऊन ते घरी न्यायचे, असा माझा उद्योग सुरू झाला.

पहिल्यांदा सगळ्या जगाला ठाऊक असलेले टीव्हीवर लावले. "हे पाहिलेत," म्हणाले. झालं! मग जे कोणालाच ठाऊक नाहीत ते हुडकणं आलं, आणि त्या कामानं माझा जीव खाल्ला. एकच चित्रपट तीन नावांनी सापडायचा. कुठे सगळ्या नटांची डोकी कापलेली. कुठे कोणा उत्साही माणसानं वर ढोल-ताशासारखं संगीत चढवलेलं, जे ऐकायची शिक्षा फक्त मला. मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्या कुठल्या कुठल्या परदेशी भाषांत. त्या मी मोबाइलला विचारून, घरातल्या जुन्या पाटीवर खडूनं मराठीत लिहायचो. "कचेरीत एवढी मेहनत केली असतीत तर एव्हाना बढती मिळाली असती," बायको म्हणायची.

पण वडील हसले. अगदी खांदे हलेपर्यंत हसले. जामसरच्या बाजूला त्यांनी उभा जन्म पहिलीचे वर्ग शिकवले. पोरं घरची बोली घेऊन शाळेत यायची, पुस्तकातली मराठी त्यांच्या गावीही नसायची. त्यामुळे वर्षाचे पहिले सहा महिने यांचे हातवाऱ्यांतच जायचे. आता ते शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी त्या नटांची तपासणी करायचे. "हा हातानं ओरडतो. पोरं घाबरली असती." एका जाड्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या नटाला मात्र म्हणाले, "हा चांगला मास्तर झाला असता." याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. मलाही ही माणसं आवडायला लागली. इतकं चांगलं काम करून जगानं यांना विसरावं, याची चीड यायला लागली.

त्याच जाड्याचा एक चित्रपट मिळाला. तो गावचा न्हावी, स्वतःच्या लग्नाला निघालाय. वाटेत जो भेटेल तो दाढी पुढे करतो आणि याला नाही म्हणता येत नाही. कसाबसा पोहोचतो तर नवरीचा बाप दारात खुर्ची टाकून बसलेला. न्हावी त्याच्या अर्ध्या गालावरून वस्तरा फिरवतो, वर खिडकीत नवरी रडवेली झालेली, आणि पडदा पांढरा.

"लाव," वडील म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, "एवढाच आहे. शेवटचं रीळ हरवलंय."

"कोणाकडून?"

मी कपाळावर हात मारला. ज्या माणसानं आयुष्यभर शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर सांभाळलं, घंटेपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत एकेक वस्तू दर वर्षी मोजून घेतली, त्याला 'हरवलं' हे उत्तर कसं चालावं?

"हरवलं म्हणजे ताब्यात कोणाच्या होतं?"

"शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाबा," मी लिहिलं.

"म्हणजे शंभर वर्षं कोणी चौकशी केली नाही?"

दुसरा चित्रपट लावला तर खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. "आधी हा पुरा कर." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात अर्जाचा कागद. विषय: चित्रपटाचे शेवटचे रीळ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये वगैरे. मी दात-ओठ खात त्याचं भाषांतर केलं आणि परदेशातल्या एका संग्रहालयाला पाठवून दिलं. तीन आठवडे उत्तर नाही, आणि तीन आठवडे वडील खिडकीशी. एवढ्या खटपटीनं बाहेर काढलेला माणूस एका न्हाव्यापायी परत आत गेला! शेवटी मीच पाटीवर लिहून टाकलं की शेवट कळला, लग्न झालं, सासऱ्याची दाढी पुरी झाली. त्यांनी वाचलं आणि हातानं पुसलं.

"लहानपणीही खोटं लिहिताना तू अक्षर चांगलं काढायचास."

मग उत्तर आलं, फार अदबीनं लिहिलेलं. या चित्रपटाची एवढीच प्रत उरली आहे, जुनी फिल्म आपोआप कुजते, शेवट काय होता हे कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. मी ते मराठीत उतरवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आता पुढचा अर्ज कोणाला, या विचारानंच माझा तोल गेला. त्यांना ऐकू येत नाही हे विसरून मी ओरडलो, "काय फरक पडतो? एक न्हावी, एक लग्न! असे शंभर पडलेत!"

ते माझ्या हातांकडे बघत होते. हल्ली ते फार मोठ्यानं बोलायचे, पण तेव्हा आवाज अगदी खाली आला.

"म्हणजे खरंच हरवलंय. मला वाटलं, तू नेहमीसारखं करतोयस."

मी कळलं नाही अशी मान हलवली.

"जेवताना तुम्ही सगळे बोलता. मध्येच हसता. मी विचारतो काय झालं, तर म्हणता, काही नाही. शेवटचं रीळ रोज तुमच्याकडंच असतं." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "हे हरवलंय तर हरवलंय. लाव दुसरा."

मी दुसरा लावला. त्यात काय होतं ते मला आज आठवत नाही, कारण मला पडदा दिसत नव्हता.

त्यानंतर पानं घेतली. आई शेजारणीच्या कोंबडीचं काहीतरी सांगू लागली, बायकोला ठसका लागला, मीही हसलो. वडिलांनी वर पाहिलं. "काय झालं?"

माझ्या तोंडात घास होता. मी डावा हात हलवला: काही नाही, जेवा. हात हलवून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. तोवर त्यांनी मान खाली घातली होती.