चाळीस काडतुसं उघडली तो शनिवार

माणूस गेलं की पहिला फोन नातेवाइकांना जातो. आम्ही दुसरा फोन पोलिसांना केला. घाबरू नका... कुमुदवन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये अगदी शांतपणे, सकाळचा चहा घेऊन गेल्या. पण त्यांच्या घरी भिंतीला बोल्टांनी पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात त्यांची रायफल होती, आणि इथल्या नियमाप्रमाणे ते कळवावंच लागतं. फोनवरच्या मुलीनं अगदी हळुवारपणे विचारलं, "रायफल त्यांच्या मिस्टरांची का?" म्हटलं, "नाही गं बाई, त्यांनी लग्नच केलं नाही. रायफल त्यांचीच." पलीकडे कीबोर्डवर आधीचं खोडल्याची टकटक. फोन ठेवला आणि आम्ही दोघं रडता रडता हसलो. त्याला आता सात आठवडे झाले.

वन्सं आयुष्यभर हॉस्पिटलच्या फार्मसीत होत्या. रिटायर झाल्यावर बायका विणकाम काढतात, बागेत रमतात. ह्या एका रायफल क्लबच्या ओपन डेला गेल्या, सहाशे यार्डांवरच्या पांढऱ्या कागदाला भोक पाडून आल्या आणि आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "मालू, यात नेम कमी आणि धीर जास्त लागतो. तुला जमणार नाही." झालं! मला डिवचायची त्यांची हीच रीत. मीही क्लबात नाव घातलं. लायसनसाठी पोलीस अधिकारी घरी आला, आमच्या कपाटाचे बोल्ट हलवून बघितले, चिवडा आवडीनं खाल्ला आणि विचारलं, "किल्ली कुठे असते हे घरात आणखी कुणाला माहीत आहे का?" हे मोठ्या उत्साहानं म्हणाले, "हो, मला!" वन्सं तिथेच बसलेल्या. मराठीत कडाडल्या, "अरे गाढवा, तुला माहीत नसायला हवं!" चाळीस वर्षांच्या संसारात यांच्यापासून मी काही लपवलं नव्हतं, ते सरकारनं लपवायला लावलं. त्याच दिवशी किल्लीची जागा बदलली, तेव्हा कुठे लायसन आलं.

पण वन्संचा खरा जीव नेमापेक्षा काडतुसं भरण्यात. गोळी झाडली की पितळेची रिकामी केस उरते. ती साफ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत काट्यावर तोललेली पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, आणि तोंडावर बुलेट. दुकानातली काडतुसं चांगलीच असतात, पण स्वतः भरलेली एकसारखी होतात आणि आपल्या रायफलला मानवतात. आयुष्यभर औषधं तोललेल्या बाईला हे म्हणजे माहेर! त्यांच्या बॉक्सरूममधल्या, म्हणजे अडगळीच्या खोलीतल्या, टेबलाशी मी शिकायला बसले तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी मला पावडरला हातच लावू दिला नाही. नुसत्या केसा पुसायच्या, मापायच्या आणि कुठल्या बुलेटला किती पावडर त्याचं पुस्तक वाचायचं. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. पुस्तकातल्या आकड्यापुढे आपली अक्कल चालवायची नाही. आणि सगळ्यात कठीण नियम... टेबलाशी बोलायचं नाही. माझ्यासारखीला! एकदा मी नुसतं "अगंबाई" म्हटलं, तर त्यांनी काटा रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून तोललं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. पालथं पडून मारायचं, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकते, तिथे निभायचं; पण पावडरीचे कण काट्यावर टाकताना सांडायचे. शरद ऋतूतली क्लबची मॅच तोंडावर आलेली. "ही शेवटची," त्या म्हणाल्या, "पण ती मी विकतच्या काडतुसांवर मारणार नाही. तू तोल, मी बघते." खरं सांगते, इतका विश्वास माझ्यावर आईनंसुद्धा टाकला नव्हता.

मॅच रविवारी, आम्ही शनिवारी सकाळी बसलो. मी तोलून केसमध्ये पावडर घालायची, त्यांनी प्रेसचा दांडा ओढून वर बुलेट बसवायची. तेवढं त्यांना जमत होतं. आणि हात कसे चालायला लागले म्हणता! दिवाळीच्या करंज्यांसारखे. एकीनं सारण घालायचं, दुसरीनं लगेच तोंड मिटायचं. हात तसे चालले की तोंडही तसंच चालतं. नियम मोडला, आणि मोडला तो त्यांनीच! 'तुझ्या सासूबाईंच्या करंज्या तुपात फुटायच्या,' इथून सुरुवात झाली... आपल्याच आईबद्दल हो! चाळीस भरून झाली तेव्हा माझी नजर टॉर्चवर गेली. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून पावडरीची पातळी बघायची असते. एकीत नसली किंवा दोनदा पडली तर रायफल आणि माणूस, दोन्हीला धोका. टॉर्च तशीच पडून होती. करंजीत कुणी टॉर्च मारून बघतं का?

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. दहा मिनिटं बसलेही. मग म्हटलं, "वन्सं, मी एकाही केसमध्ये बघितलं नाही."

त्यांनी भरलेली काडतुसं माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "मीही नाही. काढ सगळी."

दिवसभर एकेक काडतूस उघडून आतली पावडर पुन्हा तोलली. चाळीसच्या चाळीस बरोबर! मला रडूच फुटलं. काढलेल्या बुलेटांवर ओरखडे पडलेले, त्या मॅचच्या कामाच्या नव्हत्या. नव्या कोऱ्या उरल्या होत्या फक्त बारा. "सगळी बरोबरच होती हो, उगीच वाया घालवली मी," मी म्हटलं. तर त्या हसल्या, "वेडी आहेस. बरोबर होती हे आपल्याला आत्ता कळलं. सकाळी ते नुसतं वाटत होतं." बारा केसा भरल्या, प्रत्येकीत दोघींनी टॉर्च मारून बघितलं. तोंडातून अक्षर नाही.

रविवारी दोन गोळ्या अंदाजाला आणि दहा मॅचच्या. चुकायला जागाच नाही. वारा आडवा, मी दुर्बिणीला डोळा लावून मागे बसलेली. नऊ गोळ्या एका बशीत मावतील अशा लागल्या, दहावी वाऱ्यानं थोडी बाहेर नेली. नंबर चौथा आला. वन्सं उठून बसल्या, गुडघे झाडले आणि पंचाहत्तर वर्षांची ती बाई सगळ्या क्लबाला ऐकू जाईल अशी ओरडली, "माय सिस्टर-इन-लॉ मेड दीज!"

एक सांगायचं राहिलंच. काम संपलं, पावडरचा डबा कुलपात गेला की वन्सं खुर्ची माझ्याकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोल आता." मग तासन्‌तास साठलेलं सगळं मी ओतायची आणि त्या ऐकायच्या.

त्यांचं टेबल आता आमच्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एकटीनं वीस काडतुसं भरली. मुकाट्यानं. डबा कुलपात ठेवला आणि वाट बघत राहिले... मग मीच खुर्ची वळवली आणि सहा आठवड्यांचं साठलेलं सगळं बोलले. तेराव्याला कोण आलं, कोण नाही आलं, खीर कशी झाली होती, सगळं. मागे वळले तर हे दारात. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी ओशाळून थांबले.

हे एक स्टूल ओढून बसले. म्हणाले, "थांबलीस का? ताई ऐकतेय ना."