‘ठेव’ म्हणेपर्यंत

त्या रविवारी मी मार्व्याच्या जेट्टीवर उभी होते आणि नलूला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मनोरीला जायची आठची बोट तिनेच ठरवलेली, आणि तिचाच पत्ता नाही. अंधेरीच्या ऑफिसात तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून या बाईने मला उशिरा येण्यावरून जे जे ऐकवलं होतं, त्या सगळ्याचा वचपा आज काढायचा असं मी ठरवून टाकलं होतं. बोट सुटली, पलीकडे पोचली, परतही आली. मग तिच्या भाच्याचा फोन आला. “मावशी, नलूमावशी पहाटे झोपेतच गेली.” आणि मी काय म्हटलं असेल? “अरे, पण आठची बोट होती ना!” आज सहा आठवडे झाले, त्या वाक्याची लाज अजून जात नाही.

नलिनीला आम्ही सगळे नलूच म्हणायचो. लग्न केलं नाही, मालाडला एका खोलीत एकटी राहिली, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची घट्ट धरावी. निवृत्तीनंतर आम्ही दोघी एकदा सहज म्हणून मनोरीला गेलो. बोटीने पाच मिनिटांचं पाणी, पण पलीकडे वेगळंच जग. तिथे एका म्हाताऱ्या सुइणीने नलूला गप्पांच्या ओघात सांगितलं, की भरतीच्या वेळी होडीत एक बाळंतपण केलं आणि नाळ कापायला मासे कापायचं पातं समुद्राच्या पाण्यात उकळून घेतलं. परतताना नलू गप्प होती. ती गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला ठाऊक होतं. मार्व्याला उतरता उतरता म्हणाली, “आपण सोसायटीच्या गच्चीवर कुंड्या कुठे ठेवायच्या यावर तीन मीटिंगा घेतो गं. ही बाई बघ.” पुढच्या रविवारी तिने एक छोटं रेकॉर्डर आणलं, खारं वारं लागू नये म्हणून पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेलं. त्यानंतर नऊ वर्षं आमचे रविवार मनोरीचे झाले. पाण्याच्या नळासाठी आयुष्यभर अर्ज लिहिणारे मास्तर, नवरा गेल्यावर स्वतः जाळं घेऊन समुद्रात जाणारी बाई... अशी माणसं तिने बोलती केली, आणि ते आवाज गावातल्या पोरांना ऐकता यावेत म्हणून तिथल्या छोट्या वाचनालयात ठेवले.

तिचे नियम दोनच होते. पहिला, समोर बसून मुलाखत घ्यायची नाही. समोरचा जे काम करत असेल ते आपणही करायचं. “हात रिकामे असले की आपण प्रश्न विचारत सुटतो,” असं तिचं म्हणणं. जन्मात अंड्याला न शिवलेली ही बाई बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करायची आणि बांबूच्या वलांडीवर वाळत घालायची. मी मालवणची, माशांवर वाढलेली, तरी माझ्या जोड्या सुटून खाली पडायच्या. दुसरा नियम कडक. पुढच्या खेपेला ते बोलणं ज्याचं त्याला ऐकवायचं. तो ‘ठेव’ म्हणाला तर ठेवायचं, ‘पूस’ म्हणाला तर तिथेच, त्याच्यासमोर पुसायचं. त्याच्याआधी दुसऱ्या कोणी ऐकायचं नाही.

तो नियम मी मोडला. जाळं घेऊन समुद्रात जाणारी ती बाई म्हणजे रेजिनमावशी. तिच्या बोलण्याने मी इतकी भारावले, की नलूकडून डबा मागून नेला आणि आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात सगळ्यांना तो तुकडा ऐकवला. बायकांचे डोळे पाणावले, मलाही धन्य वाटलं. त्यात मावशी घरातल्या एका माणसाबद्दल दोन वाक्यं बोलली होती. आणि आमच्या दाराशी मासळी घेऊन येणारी पोरगी मनोरीचीच होती, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळपर्यंत ती दोन वाक्यं पाण्यापलीकडे पोचली.

नलूने मला पुढच्याच बोटीत घातलं. “तोंड पाडून बस, चालेल. पण माफी तूच मागायची, मी एक शब्द बोलणार नाही.” रेजिनमावशी ओरडली नाही. तिने चहा दिला आणि म्हणाली, “पूस.” मी नलूच्या कानाशी लागले, “अगं, तेवढी दोन मिनिटंच काढ ना, बाकीचं किती सुंदर आहे!” नलूने माझ्याकडे न बघता सगळा तास पुसून टाकला. वर म्हणाली, “त्या पूस म्हणाल्या. दोन मिनिटं म्हणाल्या नाहीत.” त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, इतका राग माणसाला स्वतःचाच येतो.

पुढचं वर्षभर मावशी आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. मी म्हटलं, नाद सोड, वाट लागली ती लागली. पण नलूचा हट्ट असा, की दर रविवारी आधी मावशीच्या अंगणात जायचं, तासभर बोंबील लावायचे, डबा पिशवीतून बाहेरही काढायचा नाही, आणि निघायचं. ऊन, घाम, माश्या, काही असो. एके दिवशी मावशीच म्हणाली, “आन तुजा डबा.” आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला बसली. ते कित्येक रविवार पुरलं. शेवटच्या रविवारी माझा गुडघा धरला होता, म्हणून नलू एकटीच गेली.

नलू वारल्यानंतर पंधरा दिवसांनी भाच्याने डबा आणून दिला. झाकण उघडलं आणि बोंबलाचा वास आला. शाकाहारी बाईच्या घरातून मला मिळालेली ही वस्तू! रेकॉर्डरमध्ये शेवटच्या रविवारचं बोलणं होतं, कोणी ‘ठेव’ न म्हटलेलं. तिचा आवाज त्यात कुठेतरी असणारच होता, आणि मला तो हवा होता. आठवडाभर मी त्या बटणाभोवती घुटमळले... आणि रविवारी डबा घेऊन आठची बोट पकडली.

मावशीच्या अंगणात आम्ही दोघींनी मिळून ऐकलं. मावशीचं बोलणं संपलं तरी यंत्र चालूच होतं. मग मावशीचाच आवाज आला, “तुजं काय गो? तू नुसती आयकतंस.” नलू हसली. आणि बोलायला लागली. चार-पाच मिनिटं, थांबत थांबत, मला चाळीस वर्षांत कधी न सांगितलेलं काहीतरी. मी रडत होते, पण एकीकडे मनात हिशेब चालला होता, की याची एक प्रत माझ्याकडे, एक भाच्याकडे...

“माजा ठेव,” मावशी म्हणाली. मग विचारलं, “तिचा?”

“तिचा पण ठेवते ना मावशी.”

“ती ठेव बोल्ली?”

“ती आता कशी बोलेल?”

 मावशीच्या हातातली बोंबलांची जोडी तशीच राहिली. मी म्हटलं, तिचा एवढाच आवाज उरलाय माझ्याकडे. “मना ठाव हाय,” ती म्हणाली. “आनखी एकदा आयक.” आम्ही पुन्हा एकदा ऐकलं. रेकॉर्डिंगचा तुकडा वेगळा कसा पाडायचा हे नलूनेच मला शिकवलं होतं. मी पाडला, आणि पुसला. 

नलू त्यात काय बोलली ते म्हणूनच इथे लिहीत नाही. हा लेख छापायला देण्याआधी मावशीला वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला लावलं, बाकीचं ‘ठेव’ म्हणाली.

डबा आता माझ्या ओट्यावर, पोळ्यांच्या डब्याशेजारी असतो. सूनबाई नाक मुरडते, मी लक्ष देत नाही. त्यात एक नवीन बोलणं आहे. पुसून झाल्यावर मावशीने बोंबलांची पाटी माझ्याकडे सरकवली, ओल्या बोटाने बटण दाबलं आणि म्हणाली, “आता तू बोल. कशी होती ती?” मी जोड्या करत बोलत राहिले. पुढच्या रविवारी मावशीने मला माझाच आवाज ऐकवला. मधे मधे मी हुंदके देतेय, नलूला शिव्याही घालतेय, एका ठिकाणी जोडी सुटून खाली पडल्याचा आवाजही आहे. संपल्यावर तिने विचारलं, “काय करू?”

“ठेव,” मी म्हटलं.