मागणीची रेषा

बारामतीत मी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवतो. ती परीक्षा मी स्वतः कधी पास झालो नाही, पण आवाज खणखणीत आहे. वर्गात लासुर्ण्याहून एसटीनं एक बाई येतात. खिडकीशी बसतात आणि माझं प्रत्येक वाक्य ओठांत पुटपुटून बघतात. मी हजेरी घेत नाही, त्यामुळे त्यांचं नाव मला माहीत नाही.

परवा मी फळ्यावर किंमत वाढवली आणि मागणीची अख्खी रेषाच डावीकडं सरकवली. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतली. वर्ग रिकामा झाल्यावर बाई टेबलाशी आल्या.

"सर, नुसती किंमत वाढली तर रेषा तितंच राहती न्हवं? आपण तिच्यावरनंच वर सरकायचं. लोकांचा पगार कमी झाला, तर रेषा हलंल."

मी घाईनं फळा पुसायला घेतला. "मुद्दाम चुकवलं होतं," मी म्हणालो. "कुणाच्या लक्षात येतं ते बघत होतो."

"व्हय का!" एवढंच म्हणून त्या एसटी गाठायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीच थाप मी भर वर्गात मारली. पुढच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग कुणाच्या आलं लक्षात, सर?"

माझी नजर खिडकीकडं गेली. बाई शांतपणे उठल्या. "कुणाच्याच न्हाय, सर. परत एकदा सांगा की."

मग मी त्यांचंच म्हणणं ऐटीत समजावून सांगितलं. मुलं खूश झाली. "सर, अशा चुका अधनंमधनं करत जावा," एकजण म्हणाला.

"करीन की," मी म्हणालो. तेवढं मला नक्की जमणार होतं.

बाईंनी तोंडावर पदर धरला.