फ्यूज मात्र शाबूत

आजही त्या फ्यूजचा विषय निघाला की माझं डोकं सणकतं.

धाकट्या भावानं आमच्या गाडीत अॅम्प्लिफायर बसवला, कुणाला न विचारता, स्वतःच्या हातानं. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड लाल वायर नेली, तीही आई मागं बसते त्याच बाजूच्या कार्पेटखालून. आणि फ्यूज कुठं? डिकीत, अॅम्प्लिफायरला खेटून! मी तेव्हाच म्हटलं, "अरे शहाण्या, फ्यूज बॅटरीपाशी लागतो. मधेच वायर कुठं पत्र्याला टेकली तर काय करशील?"

"तितं जागा कुटं हाय, दादा?"

जागा होती, पण तिथं आईचा नारळ होता. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की लाल फडक्यात नारळ नि अंगारा गुंडाळून आई बॅटरीशेजारी बांधते. "त्याला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली, आणि या बहाद्दराला आयतं निमित्त मिळालं. वर मलाच शिकवतो, "डिकीत हाताशी राहतोय की. उडला तर लगेच बदलता येतोय." मी घसा फोडून सांगत होतो. शेवटी आईच म्हणाली, "बास कर की आता. हौसेनं केलंय त्यानं."

मग एकदा मंद्रूपला बारशाला गेलो. परत येताना गाडी मी चालवत होतो, हा शेजारी बसून गाणी बदलत होता, आई मागं. सोलापूर जवळ आलं आणि रबर जळाल्याचा वास सुटला. बघतो तर पायाखालून धूर! गाडी कडेला घेतली, आईला ओढून बाहेर काढलं, बॉनेट उघडलं. वायर आत घ्यायला यानं पत्र्याला भोक पाडलं होतं, त्याच्या धारेवर घासून घासून तिची साल निघाली होती, आणि मागं कार्पेटखाली सीटच्या लोखंडी पट्टीवरही तसंच झालं होतं. हातात दुसरं काही नव्हतं. नारळाचं फडकं ओरबाडून हाताला गुंडाळलं आणि वायर बॅटरीवरून उपटली.

एवढ्यात हा डिकीकडून पळत आला. हातात फ्यूज, चेहऱ्यावर आनंद.

"दादा, फ्यूज शाबूत हाय की! उडलाच न्हाय!"

असा संताप आला म्हणून सांगू! "उडंल कसा, गाढवा? आग त्याच्या अलीकडंच लागली! आईला जाळायला बसला होतास तू!" मी रस्त्यावरच इतका ओरडलो की मोटारसायकलवाले थांबून बघायला लागले. तो फ्यूज हातात घेऊन खाली मान घालून उभा.

आई कडेच्या दगडावर बसली होती, चपला काढून. एका चपलेचा तळ वितळून वाकडा झाला होता. पाय उचलून बघितला तर तळवा लालभडक, टाचेला फोड.

"कधीपासनं भाजत होतं?"

"मंद्रूप सोडल्यापासनं पायाखाली ऊन-ऊन लागत होतं."

"मग बोलली का न्हाईस?" मी तिच्यावरही ओरडलो.

तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बोलले असते तर तू त्याला फाडून खाल्लं असतंस."