दारातल्या चपला

आमच्या गल्लीत सावकारांइतका अदबशीर गृहस्थ दुसरा नव्हता. दारात चपला काढायच्या, भिंतीला नीट लावून ठेवायच्या आणि मगच ‘आक्का, च्या टाका की’ म्हणत आत यायचं. ह्यांच्या ऑपरेशनला पैसे त्यांनीच दिले, व्याजाने. तारण म्हणून घराचं खरेदीखत स्वतःच्या नावावर करून मागितलं. ‘नुसता कागद हाय, आक्का. पैसे फिटले की फाडू.’ मी तेव्हा तरुण, जेमतेम साठीची. दारात चपला काढणारा माणूस कुणाचं घर घेत नसतो, असा माझा गाढा अभ्यास होता. सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते चपलांसकट थेट स्वयंपाकघरात आले. भिंतीवर बोटं वाजवत म्हणाले, ‘ही पाडावी लागंल.’

सुनेने सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या कचेरीत अर्ज केला. त्यांच्याकडे सावकारीचा परवानाच नव्हता, आणि घर विकलेलं नसून कर्जापोटी लिहून घेतलेलं आहे, हे चौकशीत ठरलं. खरेदीखत रद्द झालं.

परवा ते पुन्हा आले. चपला काढून भिंतीला लावल्या. ‘आक्का, च्या टाका की.’

‘टाकते की,’ मी म्हटलं. ‘पण चपला घाला. बाहेर पायरीवर बसायचंय, फरशी लई तापलीय.’