वाटेचं लगीन

हैदराबादला मी उंच इमारतींना बाहेरून रंग मारतो. दोरीला लटकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दिवसभर गावच असतं. त्यात जानकीमावशीचा फोन आला. "बंगलेवाल्या शेठनं झऱ्याच्या वाटेवर भिंत घातली रे. फाटकाला कुलूप हाय. आमी बाया भिंतीवर चौक लिवणार. तू रंगाचा माणूस, ये." ठेकेदाराला म्हटलं, घरचं लग्न आहे. तसं खोटं नव्हतं.

गाडीने कल्याण, मग मुरबाडची एसटी. तुम्ही निघालात तर कंडक्टरसाठी सुटे पैसे ठेवा आणि वडापाव मुरबाडलाच उरका. पुढे माळशेजकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की डोंगर असे अंगावर येतात की भूक आठवत नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, रस्ता गाड्यांनी भरतो. मी होळीनंतर गेलो. वैशाखऱ्याला उतरून आमच्या वाडीकडे पायी निघालो, तर मोहाची फुलं गळत होती. तो वास नाकात गेला की माणूस चालतोय की झोपेत आहे, कळत नाही.

आमच्या ठाकर आदिवासींत लग्नाआधी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. सुरू केलेला चौक अर्धा सोडत नाहीत. ज्या घरावर अर्धा राहील, त्या घराला सुख नाही, असं मानतात.

"लगीन कोणाचं गो?" मी मावशीला विचारलं.

"वाटेचं. झऱ्यासंगं."

मी बाहेरच्या भिंतीचा भारी रंग आणला होता, पावसाने न जाणारा. मावशीने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चौकाला पीठच लागतं. तू गेरू कालव न पाणी वाह."

"पाणी कुठलं?"

"लांबच्या बोअरचं. जवळचं असतं तर भिंत कशाला रंगवली असती, येड्या?" सगळ्या बाया हसल्या.

शेठची पांढरीफेक भिंत गेरूने लाल झाली. मग बांबूच्या काडीने बाया लिहू लागल्या. आधी वाट. तिच्यावर हंडेवाल्या, गुरं, मोळी घेतलेली म्हातारी, वरात, तिरडीसुद्धा. त्या वाटेने जे जे गेलं ते सगळं. ऊन चढलं तशी ती माणसं हलतायत असं मला वाटायला लागलं. मी मधेच भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली, तरी नजर भिंतीवरच.

शेठचा राखणदार रामादादा आमच्याच भागातला. तो नुसता येरझाऱ्या घालत होता. "मावशी, शेठ मला कामावरनं काढंल."

"मंग ये की, आमी तुला भिंतीवर काढतो."

चित्रातली वाट फाटकापाशी आली आणि बायांनी काड्या खाली ठेवल्या.

रविवारी शेठ आला. सोबत त्याची आई. शेठ ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई भिंतीजवळ गेली आणि एकेका हंड्यावरून बोट फिरवत राहिली. "अरे, किती छान केलंय! पण इथे मधेच थांबलंय का?"

"झरा आत हाय, आई," मावशी म्हणाली. "चौक तितं पुरा होणार. कुलूप हाय."

"मी चुना मारून घेतो," शेठ म्हणाला.

तेव्हा रामादादा पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "मारा साहेब. पन अर्धा चौक पुसायला हितला कोन हात लावनार नाय. मी बी नाय."

शेठने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "उघड रे. घरावर अर्धं काही ठेवू नये."

कुलूप निघालं. बाया पिठाच्या वाट्या घेऊन आत गेल्या आणि डोक्यावर हंडेही होतेच. भिंतीच्या आतल्या बाजूला त्यांनी झऱ्याचा गोल सुरू केला आणि त्याच्या काठी त्या दिवशी एक पान लिहिलं. फक्त एक. मग सगळ्यांनी हंडे भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक उघडलं, कारण काम राहिलं होतं. तेव्हा एक खेकडा झाला. मी मावशीला म्हटलं, ही भिंत मी एका दिवसात संपवली असती.

"म्हणून तर तुला पाणी वाहायला लावलं," ती म्हणाली.

वाट सरकारी कागदावर चढावी म्हणून ग्रामसभेने ठराव केलाय, तहसीलला अर्जही दिलाय. उत्तर यायचंय. तोवर फाटकाला कुलूप लागू नये, एवढंच बायांच्या हातात आहे.

आता परत हैदराबाद. इथे भिंत लवकर संपवणाऱ्याला शाबासकी मिळते. पण दोरीवर लटकलो की मला आतल्या भिंतीवरचा तो झरा दिसतो, अजून गोल न मिटलेला. माझा हात आपोआप हळू होतो आणि खालून मुकादम शिव्या घालतो.

काल फोन केला. "मावशी, झाला का चौक?"

"होत आला होता रे. पन सोमीच्या घरी नवी सून आली. तिला हंडा नको का द्यायला?"