आईला लागू न पडलेलं इंजेक्शन

माझी आई, कांताबाई, महापालिकेच्या शाळेत शिकवायची. "पोरगं बापावर गेलंय हो बाई," असं कुणी पालक म्हणाला की ती फटकन म्हणायची, "मग उद्यापासून बापालाच पाठवा वर्गात." माणूस अभ्यासाने घडतो, जन्माने नाही, हे आमच्या बौद्ध घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं.

माझ्या वेळी गरोदर असताना तिला रक्त चढवलं होतं. त्यातून हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृत हळूहळू पोखरणारी कावीळ, तिच्यात शिरली आणि तिच्यातून माझ्यात. हे कळलं २००४ साली. ती निवृत्त झाली होती, मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोघींना इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. दर शनिवारी नर्स बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटवर यायची आणि संध्याकाळी त्या इंजेक्शनने ताप चढून आम्ही दोघी एकाच रजईत कुडकुडायचो. आई पथ्य इतकं कडक पाळायची की मला तिचा राग यायचा. मी ऑफिसात गुपचूप वडापाव खायचे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आले. माझ्या रक्तात विषाणू सापडला नाही. आईचा होता तेवढाच होता.

"हे औषध विषाणूला थेट मारत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीला उठवतं," डॉक्टर म्हणाले. "ती किती उठेल, हे वयावर असतं आणि जन्मजात ठेवणीवरही. यांचं आता बंद करू."

"म्हणजे पथ्य पाळून मी नापास आणि ही पास?" आई म्हणाली.

डॉक्टर हसले. "दुसरं औषध?" मी विचारलं. "सध्या तरी नाही," ते म्हणाले.

रिक्षात मला राहवलं नाही. "मी तुझीच ना गं? मग तुला का नाही लागू पडलं?"

"अर्धी बाबांची आहेस. आजार तेवढा माझा घेतलास, बाकीचं त्यांचं. शहाणी आहेस." एवढं बोलून तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. आईला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

शनिवारी नर्स आली. आई सवयीने बाही वर करून खुर्चीत बसली.

"बाई, आज तुमचं नाहीये," नर्स हळूच म्हणाली.

आईने बाही खाली केली, उठली आणि मला म्हणाली, "बैस. त्यांना उशीर होतोय."

मला बसवेना. माझ्यासाठी ती जागा सोडत होती. शेवटी मी तिच्या खुर्चीत बसले आणि बाही वर केली.